तिसऱ्या अल्बमचा उजवा कान

"तिसरा अल्बम शेवटच्या नंबरावर," धाकटीने रेडिओ स्टेशनच्या जिन्यातच दादाला बजावलं. "मधेच नाक खुपसलंस तर बघ!"

"पहिल्या नंबरावर," दादा म्हणाला. बेकरीतून थेट आलेला, कोपरापर्यंत मैदा. "त्यातली गिटार ऐकून काटा येत नाही? कान तपासून घे."

"गिटार? उचकी लागलीये त्या माणसाला! दोन सूर वाजवतो आणि गप्प."

हे भांडण शाळेपासूनचं. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, त्यामुळे घरात हूं की चूं नाही. दोघांत एकच इअरफोन, डावा दादाच्या कानात, उजवा धाकटीच्या. त्या पाच झिपऱ्यांच्या रॉक बँडचे सातही अल्बम असेच पाठ झाले. रेडिओवर या सातांचं परीक्षण करून त्यांना नंबर लावायचं ठरल्यावर बाकीचे सहा दोघांनी आपापल्या घरी पुन्हा ऐकले. तिसऱ्याला मात्र कुणी हात लावला नाही. तोंडपाठ असलेलं काय ऐकायचं?

आज पहिलाच कार्यक्रम. स्टेशनच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दोघांचा मिळून एकच निकाल हवा आणि एक क्षणही शांतता नको, नाहीतर हा पहिला तोच शेवटचा. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्या धाकटीला हा एक तास जिवापाड हवा होता.

सुरुवात झकास झाली. चौथ्याला तिने डोक्यावर घेतलं, सहाव्याला दादाने असं धुतलं की काचेपलीकडे बाईही हसल्या. मग तिसरा लागला. दोघांच्या डोक्यावर स्टुडिओचे जाडजूड हेडफोन, दोन्ही कानांवर घट्ट.

डावीकडे गिटारने काहीतरी विचारलं. उजवीकडून दुसरीने फाडकन उत्तर दिलं.

धाकटी ताडकन उभी राहिली. अरे देवा, दोन माणसं! डावीकडचा डिवचत होता, उजवीकडचा सोडत नव्हता, आणि मधे ड्रम नुसता पेटला होता. तिने दादाकडे पाहिलं. दादाचा आ वासलेला. गाणं संपलं, तरी दोघांच्या तोंडून शब्द फुटेना. काचेपलीकडे बाई हातवारे करून थकल्या आणि त्यांनी जाहिरातीच्या बटणाकडे हात नेला.

"दादा," धाकटी माइकमध्येच किंचाळली, "तुझ्या कानात हे वाजायचं? इतकी वर्षं?"

"आणि तुझ्या कानात हे?" दादाचा आवाज चिरकला. "मला वाटायचं, तो मधे दम खातोय!"

"मूर्ख आहोत आपण! अर्धा अर्धा अल्बम घेऊन भांडत बसलो!" ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "ऐकणाऱ्यांनो, हा पहिल्या नंबरावर! दोघांचा मिळून! बाई, पुन्हा लावा ना, अगदी सुरुवातीपासून!"

बाईंचा हात बटणावरून मागे आला. त्यांनी गाणं पुन्हा लावलं.

दादाने हेडफोन काढले, उलटे केले आणि पुन्हा कानांवर चढवले.

"हे काय आता?" धाकटीने विचारलं.

"थांब गं," तो डोळे मिटून म्हणाला. "तुझी बाजू माझ्या कानाने ऐकतोय."