नितळ पाणी

अदीबाने ओढणी नाकावर घट्ट बांधली आणि हौदाच्या तळाचा गाळ पळीने बाटलीत भरला. सडक्या अंड्यांचा वास ओढणीतूनही घशात उतरला. शी. दोन वर्षं हाच गाळ उपसत होती, तरी किळस मरत नव्हती. हात चारदा धुतले तरी पहिला घास तोंडाशी नेताना ती अजून बोटं हुंगून बघायची. अम्मी म्हणायची, एवढं शिकून पोरीनं शेवटी गटारच निवडलं.

पण गाळातल्या जिवाणूंनी काम चोख केलं होतं. करमाडजवळच्या या कारखान्यात गुलमंडीच्या दुकानांसाठी ओढण्या रंगत. उरलेलं लालभडक पाणी हौदात झाकून ठेवलं की चार दिवसांत लाल रंगाचा मागमूस राहत नसे. मालक काकासाहेब, येईल त्याला ते नितळ पाणी ग्लासात धरून दाखवत.

"दुसरा हौद कधी बांधताय?" अदीबाने विचारलं.

"रंग तर गेला, मॅडम. आता आणिक काय काढायचं त्यातून?"

तिने चौथ्यांदा सांगितलं. जिवाणू रंग फोडतात, पण फुटलेले तुकडे पाण्यातच राहतात. ते दिसत नाहीत आणि रंगाहून विषारी असतात. ते संपवायला दुसरा हौद हवा, हवेचा पंप हवा. तोवर पाणी बाहेर सोडायचं नाही.

"बरं, बरं," म्हणत काकासाहेबांनी मिशीला लागलेला चहा पुसला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

बाटली धुवायला ती मागच्या दाराने बाहेर आली आणि थबकली. भिंतीतल्या पाइपातून हौदातलं नितळ पाणी ओढ्यात पडत होतं. पाइपाखाली हंडा लावून शेजारच्या शेतातली गोजरबाई उभी होती. तिची म्हैस ओढ्यात उतरून भसाभसा पाणी पीत होती.

"तूच ना गं ती औषध टाकणारी?" गोजरबाई म्हणाली. "लई पुण्य लागंल तुला, माय. लाल पाणी होतं तवा म्हैस तोंड बी लावत नव्हती."

"कधीपासून येतंय हे?"

"आठ दिस झाले. हापशावर जायाचं वाचलं बघ. जरा वास मारतोय, पण तुळशीची पानं टाकली की जातोय. घरी चल, चहा टाकते."

अदीबाने हंड्याच्या तोंडावर हात आडवा धरला.

"मावशी, हे पिऊ नका. विष आहे यात."

गोजरबाईने ओंजळ भरून डोळ्यांजवळ नेली. बोटांच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या.

"कुठं हाय? उगं भिववू नको."

अदीबा आत गेली. काकासाहेबांच्या पुढ्यातून लाल रंगाच्या भुकटीचा डबा उचलला आणि हौदातून पाइपाकडे जाणाऱ्या चरात अख्खा रिकामा केला.

"अहो मॅडम, डोकं फिरलं काय? दोन वर्षांची मेहनत तुमची."

तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ती तशीच पुन्हा बाहेर आली.

हंड्यात लाल धार पडत होती. म्हशीने तोंड वर काढलं आणि ती काठावर चढली. गोजरबाईने हंडा पालथा केला आणि अदीबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत हापशाची वाट धरली.