तिळाएवढी जाडी

“माणसाची सारी हिकमत एका तिळात मावते,” शेषराव म्हणाले. विधान इतकं मोठं होतं की त्यासाठी त्यांनी हातोडा ऐरणीवर टेकवला आणि उंद्रीचा रस्ता, रस्त्यावरची म्हैस व एकूण विश्व यांच्याकडे एकवार पाहून घेतलं.

“तो तीळ मिशीत अटकला तुमच्या,” सुभद्राबाई भात्याचं चाक फिरवत म्हणाल्या. “चिक्की खाल्ली न सकाळी? डॉक्टर नाही म्हणते, तरी.”

शेषरावांनी मिशी पुसली. तीळ काही निघाला नाही.

पण मुद्दा खरा होता. विळ्याचं पातं लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. याला पाणी पाजणं म्हणतात. त्याआधी धार फार पातळ केली तर ती पाण्यात तडकते, आणि फार जाड ठेवली तर पुढे घासता घासता माणूस बुजगावण्यासारखा वाळतो. बरोबर माप तिळाच्या जाडीचं. ते पट्टीवर कळत नाही, अंगठ्याला कळतं. शेषरावांचा अंगठा पंचेचाळीस वर्षं धारेवरून फिरला होता. तो ‘बस’ म्हणाला की हातोडा थांबायचा.

अलीकडे अंगठ्याला कोणी विचारत नव्हतं. सोयाबीन हार्वेस्टर काढायचं. यंदा मात्र पाऊस लांबला, हार्वेस्टर चिखलात रुतलं, दुकानातले पत्र्याचे विळे ओल्या झाडांवर वाकले, आणि सोमवारी शेजारचे अर्जुनराव दारात उभे राहिले. बारा विळे, शुक्रवारपर्यंत. “तुमच्याच हातचे पाह्यजेत भाऊ,” असं म्हणाले. हे वाक्य सुभद्राबाईंना तेव्हापासून अकरा वेळा ऐकावं लागलं होतं.

अडचण एवढीच, की साखरेनं शेषरावांची बोटं बधिर केली होती. मागच्या आठवड्यात बोट भाजलं तेव्हा ते वासावरून कळलं, आणि तोही आधी सुभद्राबाईंना आला. ही गोष्ट शेषरावांनी घरात कोणालाच सांगितली नव्हती. घरात एकट्या सुभद्राबाईच असल्यामुळे ती सगळ्यांना ठाऊक होती.

त्यांनी पहिल्या पात्यावरून अंगठा फिरवला, जाणत्यासारखी मान हलवली, पातं लाल तापवलं आणि डोणीतल्या पाण्यात सोडलं.

टिच्.

“पाणीच खराब आहे,” शेषराव म्हणाले.

सुभद्राबाईंनी पाणी बदललं. दुसरं पातं तडकलं. मग विहिरीचं पाणी आणलं. तिसरं तडकलं. मग नळाचं.

“कागदासारखी पातळ करून राह्यले तुम्ही धार,” चौथ्याचा तुकडा उचलत त्या म्हणाल्या.

“तुले काय समजते त्यातलं?”

“दिसते न मले. मी पाहू का बोट लावून?”

“भाता फिरवून कोणी कारागीर होत नाही वं. तू चाक फिरव.”

त्यांनी चाक फिरवलं. उरलेल्या आठ पात्यांच्या धारा शेषरावांनी भीतीनं चांगल्या जाड ठेवल्या. एकही तडकलं नाही. त्या आनंदात दुपार गेली. मग त्या जाड धारा हातानं घासवेनात, म्हणून त्यांनी वेल्डिंगवाल्याचं ग्राइंडर मागून आणलं. ठिणग्या उडाल्या, धारा निघाल्या आणि निळ्या पडल्या. धार तापून निळी पडली म्हणजे पाजलेलं पाणी उतरलं, पातं पुन्हा मऊ झालं. हे शेषरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं.

शुक्रवारी अर्जुनराव आले. त्यांनी एक विळा उचलून दारातल्या गाजरगवतावर चालवला. गवत वाकलं आणि पुन्हा उभं राहिलं. दुसरा विळा चालवला. गवतानं याही वेळी तेच केलं.

अर्जुनराव भला माणूस होता, आणि तिथंच सगळं बिघडलं.

“मस्त झाले भाऊ. आठही बांधा.”

“नको नेऊ,” शेषराव म्हणाले. “बायांचे हात भरून येतीन.”

“चालते हो.”

“नाही चालत. मले बोटाले काहीच लागत नाही आता.”

सुभद्राबाईंनी चाक थांबवलं. अर्जुनरावांनी हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाले, “खामगावले पाहतो मी,” आणि गेले.

शेषरावांनी स्वतःच्या हातानं भट्टीवर तांब्या ओतला. धुराआड उभे राहून ते म्हणाले, “संपलं. ऐरण भंगारवाल्याले देऊन टाकतो. पण एक ध्यानात ठेव, हा शेषराव कोणाच्या दारात जाणार नाही. मरेपर्यंत कोणाले काही मागणार नाही.”



खुंटीवरचा सदरा काढून शेषरावांनी अंगात घातला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ त्यांचे हात छातीशी नुसते चाचपडत होते.

“ऐकलं का वं,” ते भिंतीलाच म्हणाले, “एवढी वरची गुंडी लावून दे.”