वहीत दोन नावं

गुनवोर गेली त्या दिवशी मी डोंगराच्या पायथ्याशी गाडीत बसून तिची वाट पाहत होतो. रोज ती साडेअकराला खाली यायची. त्या दिवशी दोन वाजले तरी आली नाही.

एक वाजता मी गाडीतून उतरलो होतो. मेंढरांच्या फाटकापर्यंत गेलो. गाडीपासून ते दीडशे पावलांवर आहे. तिथे छातीत एक ठोका चुकल्यासारखं झालं. मी मानेवर बोटं ठेवून नाडी पाहिली आणि परत येऊन गाडीत बसलो. दोन वाजता तोर्लाइफला फोन केला. तो आमचा शेजारी. क्रीडा मंडळातर्फे डोंगरावरची वाट तोच सांभाळतो. सत्तर वर्षांचा माणूस, पण जाकीट न घालताच आला आणि थेट वर गेला.

तीन वाजून वीस मिनिटांनी त्याचा फोन आला.

"ओड्वार, तू गाडीतच बस," तो म्हणाला. "मी मदत मागवली आहे. तू वर येऊ नकोस."

त्याच्या आवाजावरून मला कळलं.

ती चढाच्या वाटेवरच्या तिसऱ्या बाकाजवळ पडली होती. वरून परत येताना. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, तिला काही कळलंही नसेल. मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

आता माझ्या छातीबद्दल. सहा वर्षांपूर्वी, सहासष्टाव्या वर्षी, लाकडं रचताना मला झटका आला. दोन स्टेंट घातले. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज चाला, चढ चढा, थोडा दम लागू दे. न चालणं जास्त धोक्याचं आहे. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात गुनवोर मला निपावर घेऊन निघाली. निपा म्हणजे आमच्या गावामागचा डोंगर. फाटकापर्यंत गेलो, ठोका चुकला, आणि मी मागे फिरलो. त्यानंतर ती रोज वर जायची आणि मी गाडीत थर्मास घेऊन बसायचो. उद्या जाऊ, असं म्हणायचो.

लोकांना वाटतं, माणूस व्यायाम करत नाही तो आळसामुळे. मी आळशी नव्हतो, घाबरलो होतो. पण भीती सकाळी उठून मी भीती आहे असं सांगत नाही. ती म्हणते, आज ढग आहेत. बूट ओले आहेत. काल झोप नीट झाली नाही.

निपाच्या माथ्यावर पत्र्याचा एक डबा आहे. त्यात वही, आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. वर जाणारा प्रत्येक जण तारीख आणि आपलं नाव लिहितो. नवीन वर्षात मंडळ वही खाली आणतं, नावं मोजतं, वही परत डब्यात ठेवतं आणि ज्याचं नाव पन्नासदा आलं असेल त्याला डोंगराचं चित्र असलेला कप देतं. आमच्या गावात माणूस पकडलेल्या माशाच्या लांबीबद्दल खोटं बोलेल, पण त्या वहीत खोटं लिहिणार नाही. फार वर्षांपूर्वी एका मास्तरांनी न जाता नाव लिहिलं होतं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली तरी लोक ते सांगतात.

झटका आला त्याच्या पुढच्या जानेवारीत आमच्या घरी दोन कप आले.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"तुझाच. नाव वाच की."

"गुनवोर, मी फाटकाच्या पुढे गेलेलो नाही."

"मला माहीत आहे. मीच लिहिते तुझं नाव माझ्या शेजारी. आता लाजेखातर तरी जाशील."

मी गेलो नाही. लाजेचीही सवय होते. दुकानात कुणी म्हणायचं, "काय ओड्वार, पाय बकरीचे झाले की तुझे," आणि मी "चाललंय" म्हणून दूध घेऊन बाहेर पडायचो. दरवर्षी कप येत राहिले. एकूण सहा झाले. मी कधी तिला थांब म्हणालो नाही.

दफनाच्या आदल्या दिवशी आमची मुलगी इंगुन निपावर जाऊन आली. ती बर्गनला शाळेत शिकवते, चव्वेचाळीस वर्षांची आहे, तिला दोन मुलं आहेत. परत आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात आली आणि मला मिठी मारली.

"मी वही पाहिली, बाबा. आईचं अक्षर. ती गेली त्या मंगळवारची तारीख. गुनवोर आणि ओड्वार, आकाश स्वच्छ."

मी कॉफी ढवळत होतो.

"तू होतास तिच्याबरोबर," ती म्हणाली. "मला सारखं वाटत होतं की ती एकटी होती. मग तू गाडी गरम करायला पुढे खाली आला असशील, आणि ती मागून हळूहळू येत असेल. हो ना?"

मी ढवळत राहिलो. तिने ते हो धरलं.

खरं सांगावं तर गुनवोर सहा वर्षं वहीत खोटं लिहीत होती हे सांगावं लागणार, आणि ती एकटीच पडली हेही. इंगुनची आई अजून जमिनीत गेली नव्हती. मी ठरवलं, दफन होऊ दे. दफन झाल्यावर ठरवलं, नाताळ होऊ दे. नाताळात इंगुन म्हणाली, "आईच्या वाढदिवसाला, बावीस मेला, आपण दोघं वर जाऊ. तुम्ही दोघं कुठे बसायचात, काय खायचात, सगळं मला दाखव. तिचं जे बघायचं राहून गेलं ते मला बघायचंय."

त्या रात्री मला झोप आली नाही. आधी मला छातीची भीती होती. आता पकडलं जाण्याचीही भीती आली, आणि ही दुसरी जास्त होती. सहा वर्षं डॉक्टर, बायको आणि सहा कप यांना जे जमलं नव्हतं ते या भीतीने केलं. दोन जानेवारीला मी बुटांना बर्फावर न घसरण्याचे खिळे लावले आणि घराबाहेर पडलो.

फाटकाजवळ तोर्लाइफ फावड्याने बर्फ ओढत होता.

"कुठे?"

"वर."

"बरं." त्याने फावडं टेकवलं. "पण वहीत तर तू रोजच वर असायचास."

मी वाकून बुटाचे खिळे चाचपले.

"सहा हिवाळे मी ही वाट साफ करतोय, ओड्वार. बर्फात ठसे एकाच माणसाचे. सदतीस नंबरचा बूट. तुझा पाय केवढा?"

"चव्वेचाळीस."

"मग तू उडत जात असशील."

"कुणाला सांगितलंस का?"

"कशाला सांगू? वर्षातून सव्वादोनशे वेळा निपा चढणाऱ्या बाईला दोन कप मिळाले तर मला काय त्याचं? माझ्या बायकोला एकही मिळाला नाही कधी." त्याने फावडं फाटकाला टेकवून ठेवलं. "चल. आज पहिल्या बाकापर्यंत."

मी त्याला इंगुनचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि बोलला ते एवढंच, "सांगून टाकलं असतंस तर बरं झालं असतं. आता चाल."

फाटकाच्या पुढे माझी बोटं आपोआप मानेकडे जात. तोर्लाइफ हातावर चापट मारायचा. "सोड ती नाडी. झोपलेल्या पोराला हलवून विचारतोस, झोप लागली का म्हणून." तो मुद्दाम सतत बोलायचा. त्याचे गुडघे, फेरीबोटीचं वेळापत्रक, मंडळातले लोक कसे बिनकामाचे. त्यामुळे मला ठोके मोजता यायचे नाहीत. तरी रोज सकाळी बुटाची लेस बांधताना वाटायचं, हेच बूट इस्पितळात कुणीतरी माझ्या पायांतून सोडवून काढेल. मग बावीस मे आठवायचा आणि मी उठायचो.

फेब्रुवारीत पहिला बाक जमू लागला. मार्च संपता संपता दुसरा. वजन थोडं उतरलं, जिन्यावर दम लागेनासा झाला. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, "एवढी वर्षं सांगत होतो, आता काय झालं?" मी सांगितलं की मुलगी येणार आहे.

एप्रिलच्या शेवटी तिसऱ्या बाकाशी पोचलो. साधा बाक, दोन फळ्या. मी बसलो नाही. पुढेही गेलो नाही. पाय उचलला की छातीत जे व्हायचं ते दम लागल्याचं नव्हतं. चार दिवस तिथपर्यंत गेलो आणि चारही दिवस तिथूनच फिरलो.

"मग वरचं पाठ कर," तोर्लाइफ म्हणाला. खाली येताना तो शाळेतल्यासारखे प्रश्न विचारायचा.

"डबा कुठे?"

"दगडांच्या ढिगाच्या दक्षिणेला."

"झाकण?"

"गंजलंय. डावीकडून उचलायचं."

"गुनवोर कुठे बसायची?"

"ढिगाच्या आडोशाला. तिथून चर्च दिसतं, बोटीचा धक्का दिसत नाही."

"झालं. पोरीला फसवायला तयार झालास." त्याला ते विनोदी वाटलं असावं. मला हसू आलं नाही.

बावीस मेला सकाळी नऊला आम्ही निघालो. पाठपिशवीत वॉफल आणि तपकिरी चीज होतं. इंगुन मागे राहत होती.

"थांब की जरा, बाबा. मी चाळिशीतली, तू बहात्तरचा. शोभतं का?"

"तू बसून शिकवतेस म्हणून."

"आई तुला नेहमी पुढे जाऊ द्यायची का?"

मी चालत राहिलो. दुसऱ्या बाकावर पाणी प्यायलो. मी ठरवलं होतं की तिसऱ्या बाकाकडे न बघता पुढे जायचं, पाठ केलेलं सगळं आठवत. पण तिथे आल्यावर तीच थांबली.

"इथे?"

"हो."

तिने फळीवर हात ठेवला. मग बसली, आणि मला शेजारी बसवलं.

"वर काय बोलली रे ती?" तिने विचारलं. "शेवटचं. तुम्ही बसला होतात तेव्हा."

ढीग, डबा, झाकण, चर्च, सगळं माझ्याजवळ होतं. हे तोर्लाइफने विचारलं नव्हतं. गुनवोरबरोबर मी शेहेचाळीस वर्षं काढली. ती कशी बोलेल हे मला माहीत होतं, कुठलंही वाक्य तिच्या तोंडी घातलं असतं तर खपलं असतं. इंगुनने ते जन्मभर जपलं असतं, मुलांना सांगितलं असतं. मी तोंड उघडलं. माझं हृदय इतकं जोरात धडधडत होतं की तिलाही ऐकू जात असेल असं वाटलं.

"मी वर नव्हतो."

"म्हणजे?"

"मी कधीच वर गेलो नाही. खाली गाडीत असायचो. माझं नाव ती लिहायची."

तिने फळीवरचा हात काढला.

"कधीच?"

"फाटकापर्यंत. एकदा. आणि त्या दिवशी एकदा."

"म्हणजे ती एकटी होती."

"हो."

"मी मुलांना सांगितलंय, आजी एकटी नव्हती. शाळेत सांगितलं. सगळ्यांना सांगितलं, बाबा. आणि तू सात महिने गप्प."

"हो."

 मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिलाच मला समजवावं लागलं असतं.

"मग तुला शेवटचं काय म्हणाली?" तिने विचारलं. "गाडीत?"

"म्हणाली, रेडिओ लावू नकोस, बॅटरी उतरते."

"आणि तू?"

"लावला."

तिच्या तोंडून काहीतरी आवाज आला, हसल्यासारखा, पण ती हसत नव्हती. उठून तिने पाठपिशवी खांद्याला लावली.

"मी वर जाऊन येते. येतोयस?"

मी उभा राहिलो. चार पावलं टाकली. गळ्यापर्यंत धडधड आली आणि पाय थांबले.

"तू जा."

"ठीक आहे. पण खाली गाडीत जाऊन बसू नकोस. इथेच थांब."

ती झाडांपलीकडे दिसेनाशी झाली. मी घड्याळ पाहिलं. तिथून माथा पाऊण तास, उतरायला अर्धा. वर दहा मिनिटं धरली. दीड तास झाला, ती आली नाही. पावणेदोन तास झाले. फोन लावला, लागला नाही. तिच्याही अंगात तिच्या आईचंच रक्त आहे, हे मला आधी सुचलं नव्हतं. तेव्हा सुचलं.

मी उठलो आणि बाकाच्या पुढे गेलो. झाडं संपली, वारा लागला. वळण आलं, मग दुसरं. मी तिला हाका मारत होतो. छातीत काय होत होतं ते मला आठवत नाही. एक मोठा खडक आहे, मध्ये तडा गेलेला. त्याच्याशी पोचलो तेव्हा वरून ती उतरताना दिसली. मी खडकाला टेकलो. 

"कुठे निघालास?" तिने विचारलं.

"तू उशीर केलास."

"जुनी पानं वाचत होते. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासूनची. प्रत्येक पानावर तुम्ही दोघं." तिने माझ्या दंडाला धरलं. तिची बोटं गार होती. "मी आज फक्त माझं नाव लिहिलंय."

"बरं केलंस."

आम्ही खाली आलो. वाटेत ती पुढे होती. वॉफल तसेच राहिले.

ती बर्गनला परतली. दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. तिने आधी हवा विचारली, मग कुठपर्यंत जातोस ते विचारलं. खडकापर्यंत, असं मी सांगितलं, आणि ते खरं आहे. रोज जातो. आता कुणी येणार नाही, पकडणारं कुणी नाही, तरी सकाळी बूट घालतो. लेस बांधताना अजून तेच वाटतं.

खडकाच्या पुढे वीस-पंचवीस मिनिटांचा चढ आहे, तो मी अजून चढलेलो नाही. नातवंडांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही.