वाफ्यावरची घोंगडी

मी घोंगडी आहे, मित्रांनो, काळ्या लोकरीची, आष्टी तालुक्यातल्या नाथा धनगराची. माझं वय वीसच्या पुढे गेलं असेल. नक्की आकडा सांगणारा नाथा आता राहिला नाही.

माझ्यातली लोकर नाथाच्याच मेंढ्यांची. त्याची बायको दगडाबाई हिने ती पिंजली, कळपामागे चालता चालता कातली. सणगराने मागावर मला विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताणून वाळवलं. तेव्हा मी इतकी ताठ होते की नाथाच्या खांद्यावर नीट बसायला मला दोन पावसाळे लागले.

माळावर आमचे दिवस बरे गेले. पौषात कोकरू जन्मलं की नाथा मला अंगावरून काढून त्याच्यावर घालायचा आणि स्वतः शेकोटीशी बसायचा. थंडी कशी ओळखायची ते दगडाबाई तिथेच शिकली. दुपारनंतर वारं पडलं, आभाळ धुतल्यासारखं झालं आणि मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहिल्या, की ती म्हणायची, "आज लई गार पडणार." ती म्हणेल तसंच व्हायचं. सकाळी माझ्या पाठीवर मिठासारखा पांढरा थर असायचा आणि पोटाखालचं कोकरू उबदार असायचं. त्या कामाचा मला अभिमान होता, तो मी लपवत नाही.

एके दिवशी रस्ता ओलांडताना ट्रक कळपात घुसला. चौदा मेंढ्या गेल्या आणि नाथाही गेला. उरलेली मेंढरं विकून दगडाबाई आप्पांच्या बंगल्यावर बागकामाला लागली. आप्पा म्हणजे मोठे जमीनदार, तालुक्याच्या राजकारणात मुरलेले. बंगला ओढ्याच्या काठी, खोलगट जागेत. साऱ्या माळाची थंडी उतरून तिथेच साचायची.

आप्पांची सून प्रियदर्शनी हिला फुलांचं वेड होतं. एका थंड हवेच्या गावाहून तिने बिगोनियाचे अकरा कंद आणले. तपकिरी, केसाळ, बशीसारखे खोलगट. दगडाबाईने खोलगट बाजू वर ठेवून ते पायऱ्यांसमोरच्या वाफ्यात लावले. वाफा जेमतेम एका खाटेएवढा. दिवाळीनंतर त्यात तळहाताएवढी फुलं आली, केशरी, पिवळी, गुलाबी, आत पाकळ्यांवर पाकळ्या. असं फूल त्या भागात कुणी पाहिलं नव्हतं.

पहिल्याच कडाक्याच्या थंडीत कडेच्या दोन झाडांची पानं काचेसारखी झाली आणि ऊन लागताच शिजलेल्या पालकासारखी लोळली; कंद तेवढे वाचले. प्रियदर्शनी पायरीवर बसून रडली.

दगडाबाई म्हणाली, "वहिनीसाहेब, ह्याचं पान पाण्यानं भरल्यालं हाय. पाणी गोठलं की पान आतून फुटतंय. कोकरागत झाकावं लागंल."

दुसऱ्या दिवशी तिने मला बंगल्यावर आणलं. नाथाच्या माघारी तिने मला कुणाला हात लावू दिला नव्हता. वाफ्यात तिने बांबूच्या कांबी वाकवून रोवल्या, म्हणजे माझं वजन फुलांवर पडणार नाही. आधी पोती, वर मी, आणि कडा मातीला टेकवून वर दगड. दिवस मावळायच्या आत झाकायचं, कारण मातीतली दिवसभराची ऊब आतच राहिली पाहिजे. ऊन आलं की उघडायचं. पाणी सकाळीच द्यायचं, तेही बुंध्याला, पानांवर नाही. रोज संध्याकाळी माझं एक टोक दगडाबाई धरायची आणि दुसरं प्रियदर्शनी. त्या वेळी ती म्हणायची, "दगडाबाई, तुम्ही नसता तर ही फुलं जगली नसती."

तिचं ते बोलणं मी खरं मानलं.

चार हिवाळे असे गेले. फुलं संपली की दगडाबाई पाणी तोडायची, दांडे आपोआप गळू द्यायची, कंद सावलीत वाळवून माठातल्या कोरड्या वाळूत पुरायची आणि माठ तळघरात ठेवायची. पावसाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा वाफ्यात यायचे. लोक फुलांचे फोटो काढायला येत. त्या फोटोंत प्रियदर्शनी असायची, आप्पा असायचे. दगडाबाई कुठेच नसायची आणि मला तर आधीच घडी करून मागे नेलेलं असायचं. तरी आमची तक्रार नव्हती.

पाचव्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या एका महिला मंडळाने बागांची स्पर्धा ठेवली. परीक्षक सकाळी साडेसातला येणार होते. आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, दगडाबाई मला खांद्यावर टाकून वाफ्याशी आली.

"आज ती घोंगडी नको," प्रियदर्शनी म्हणाली.

"कावून?"

"तिचे केस पाकळ्यांना चिकटतात. मागच्या फोटोत स्पष्ट दिसले होते."

"वहिनीसाहेब, वारं पडलंय. आभाळात ढगाचं नाव न्हाई. आज झाकलं न्हाई तर सकाळी काई राहत न्हाई. मी सात वाजता येऊन काढते, एकेक केस येचते."

प्रियदर्शनी घुटमळली. तिने आभाळाकडे पाहिलंसुद्धा. तेवढ्यात ओट्यावरून आप्पा म्हणाले, "मेंढराच्या वासाची चीज पाहुण्यांपुढं नको. एका रात्रीनं काय होतंय?"

"मग निदान पोती तरी टाकू द्या," दगडाबाई म्हणाली.

"राहू द्या आता," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही घरी जा. उद्या जरा उशिरा आलात तरी चालेल."

आप्पांचा ड्रायव्हर बंकट मला गाडीच्या शेडमध्ये घेऊन गेला. पोत्यांवर माझी घडी ठेवली. तिथून वाफा वीस पावलांवर होता. मित्रांनो, घोंगडीला पाय नसतात, याचं दुःख मला त्या एकाच रात्री झालं.

उजाडलं तेव्हा वाफा पांढरा होता. फुलं जागच्या जागी तपकिरी पडली होती. ऊन आलं आणि अकराच्या अकरा झाडं एकदम खाली बसली.

परीक्षक आले. त्यांच्यातल्या चष्मा लावलेल्या बाई वाकून बघत म्हणाल्या, "रात्री झाकलं नव्हतं का?"

प्रियदर्शनीने शेडकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडेच. मग म्हणाली, "बाईंना सांगितलं होतं. विसरल्या त्या."

दगडाबाई तेव्हा फाटकातून आत येत होती. तिने ते ऐकलं. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती सरळ वाफ्याशी बसली, बोटाने माती उकरली, एक कंद चाचपला.

"वरचं गेलं," ती म्हणाली. "पण कंद घट हाय. माती गोठली न्हाई. काळं झालेलं कापून टाका, पाणी बंद करा आन् पंधरा दिसांनी कंद काढून वाळवा. पुढच्या साली परत फुलंल."

"बास झालं," आप्पा म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

दगडाबाईने प्रियदर्शनीकडे पाहिलं. प्रियदर्शनी परीक्षकांना चहाला आत घेऊन गेली.

दगडाबाईच्या मागे वाफ्याचं जे झालं ते मी शेडमधून पाहिलं. झाडं पुन्हा तरारतील म्हणून बंकट बंगल्यातून सांगितल्याप्रमाणे रोज पाणी सोडत राहिला. महिन्याभराने वाफा खणला तेव्हा हाताला नुसता लगदा लागला. थंडीतून वाचलेले अकरा कंद पाण्याने कुजवले. मला गाडीखाली अंथरलं. इंजिनाचं तेल माझ्यात मुरलं, आणि एकदा काच पुसायला फडकं हवं म्हणून बंकटने माझा एक कोपरा कापला.

होळीनंतर दगडाबाई आली. प्रियदर्शनी पायऱ्यांवर एकटीच होती.

"माझी घोंगडी न्यायला आलते."

"घ्या ना." मग खाली बघत, "कंद कुजले सगळे. तुम्ही पाणी नको म्हणाला होता."

"म्हणलते."

"नवे मागवणार आहे. याल का परत?"

"येईन," दगडाबाई म्हणाली. "त्या बायांना एकदा सांगा, की मी इसरले नव्हते."

आतून आप्पांचा फोनवरचा आवाज येत होता. प्रियदर्शनीने दाराकडे पाहिलं. "आता कशाला ते उकरायचं?" ती हळूच म्हणाली.

दगडाबाई गाडीखाली वाकली आणि तिने मला ओढून बाहेर काढलं. कापलेल्या कोपऱ्यावरून तिने हात फिरवला, पण कुणी कापलं ते विचारलं नाही. घरी तिने मला रिठ्याने तीनदा धुतलं. तेलाचा वास गेला नाही.

गावात तिचं नाव आता फुलं मारणारी बाई असं झालं आहे. बागेच्या कामाला तिला कुणी बोलवत नाही. या दसऱ्यानंतर ती भावकीतल्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. पंचावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा. उसाच्या फडातल्या कोपीत, पाचटाच्या खोपटात, ती मला पांघरते. बंगल्यापुढे यंदा नवे कंद लागले आहेत, आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद घालतात, असं ऐकते.

मित्रांनो, जुन्या घोंगडीला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी पुष्कळ वापरले गेले, माझं झालं. एवढंच सांगते, की तुमच्या हातून कधी काही मेलं, तर ते आपल्याच हातून मेलं असं चारचौघांत म्हणा. फूल काही त्याने परत येणार नाही. पण एक बाई दगडाबाईसारखी मान खाली घालून गावातून जाणार नाही.