शेवटची रिकामी ओळ

मी चौकातला दगड बोलतोय. हो, तोच, ज्याला हात टेकून तुम्ही चपलेतला खडा काढता. मला 'स्मारक' म्हणतात ते वर्षातून एकदा, भाषणात. एरवी "दगडापासून डावीकडे वळा" एवढीच माझी ख्याती.

माझ्या छातीवर अकरा नावं आहेत. लढाईला गेलेली आणि परत न आलेली इथलीच अकरा मुलं. यादी करताना एकाचं खरं नाव वडिलांनी सांगितलं आणि त्याचंच घरचं नाव, ढब्बू, मामांनी. लिहिणाऱ्यानं दोघं धरली. पाथरवटानं बारा ओळी आखून अकरा नावं कोरली, तेव्हा कुठं घोळ ध्यानात आला. "आता राहू दे," तो म्हणाला, "दगडाला खोडरबर चालत नाही." शेवटची ओळ तशीच रिकामी राहिली.

कितीतरी वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग समोरच्या इस्त्रीवालीचा लेक सैन्यात गेला आणि पुढच्याच वर्षी सीमेवर लढाई पेटली.

तेव्हापासून बाई इस्त्री करता करता त्या ओळीकडे टक लावून बघायची. दोन शर्ट जाळले तिनं. येता-जाता मला दम द्यायची, "कुणाची वाट बघतोस रे मेल्या?" मला मान खाली घालायचीही सोय नाही. खरं सांगतो, ती ओळ मलाही नकोशी झाली होती.

शेवटी ती नगराध्यक्षांकडे गेली. "साहेब, तेवढी ओळ भरून टाका. काहीही लिहा." साहेबांचा चेहरा खुलला. दुसऱ्याच दिवशी पाथरवटाला घेऊन हजर. हा पहिल्या पाथरवटाचा नातू.

"इथं माझं नाव घाल. जरा ठळक."

"घालतो की. पण वर 'रणांगणावर देह ठेवलेले वीर' असं लिहिलंय. उद्या लोक हार घेऊन तुमच्या घरी येतील."

साहेबांना एकदम कुठलीशी बैठक आठवली.

बाई मात्र तिथंच उभी राहिली. डोळे भरून आले होते तिचे. "मग आता कसं करायचं रे, दादा?"

पाथरवटानं डोकं खाजवलं. "मावशी, अक्षरंच कोरायला पाहिजेत असं थोडंच आहे?"

त्यानं छिन्नी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पानांची वेल कोरायला बसला. तीन दिवस मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. बाई शेजारी उभी राहून नख फिरवून बघायची.

"इथं जागा राहिलीये."

"वेलीला जरा मोकळं राहू द्या, मावशी."

"नको. आणखी एक पान घाल."

आठ महिन्यांनी लेक रजेवर आला. उन्हानं रापलेला, पण धडधाकट. घरी जायच्या आधी माझ्यापाशी थांबला, मला हात टेकला आणि बुटातला खडा काढला. मग नावं वाचत वाचत खाली आला.

"आई, ही वेल कधी आली?"

"पहिल्यापासूनच आहे," ती म्हणाली. "तुझं लक्ष कुठं असतं? चल, घरी चल."

तेव्हा मंडळी, खडे खुशाल काढा, मला टेकायलाही हरकत नाही. पण माझ्या अंगावर आता तिळाएवढी जागा उरलेली नाही, तेवढं लक्षात ठेवा. माझ्या शेजारी दुसरा दगड उभा करू नका.