सहा इंची वासे

“दोन बाय चारचे वासे पुरे की, पप्पा. वर काय इंजिन ठेवायचंय?” ज्ञानेश म्हणाला, तसे वखारवाले बबनरावही हसले.

ज्योतीराम हसला नाही. चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं तो यंत्रं पाठवायला लाकडी खोकी ठोकत होता. वजन सांगितलं की लाकूड किती जाडीचं लागेल, ते तो उभ्या उभ्या सांगे. आता काळेवाडीतल्या स्वतःच्या एका खोलीत पोटमाळा घालायचा होता. ज्ञानेशचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि तो अन् मोनिका वर राहणार होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत दहा फूट. चार इंची वासे दोन माणसांचं वजन पेलतील, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तेवढ्या लांबीवर ते लवतात, आणि लवणारं लाकूड कुरकुरतं.

हे मुलासमोर बोलायचं कसं? “सहा इंचीच घेऊ,” एवढंच तो पुन्हा म्हणाला. त्यानं खालची उंची कमी होईल, तुम्हालाच वाकून वावरावं लागेल, असं ज्ञानेशने परोपरीने सांगून पाहिलं.

ज्योतीरामची बायको इंदुताईही वखारीत आली होती. लग्न होऊन लातूरकडून ती पिंपळे गुरवला आली, तेव्हा थोरल्या दिराच्या खोलीत, साडीच्या पडद्याआड त्या दोघांनी तीन वर्षं काढली होती. कूस बदलतानाही ती बांगड्या दुसऱ्या हाताने दाबून धरायची.

तिने ज्ञानेशला टेम्पो बघायला पाठवलं. तो गेल्यावर नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, “सहाचेच घ्या. अन् खिळे नका ठोकू, स्क्रू लावा. खिळे ढिले झाले की वाजतंय.”

ज्योतीरामने तिच्याकडे पाहिलं. “तुझ्या ध्यानात हाय व्हय अजून?”

“हाय की.”

चार दिवस रजा टाकून त्याने माळा घातला. दीड-दीड फुटावर वासे, वर फळ्या, सगळीकडे स्क्रू. शेवटच्या दिवशी ज्ञानेश कामावर गेल्यावर त्याने इंदुताईला शिडीने वर चढवलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगून स्वतः खाली कान देऊन उभा राहिला. बराच वेळ गेला.

“अगं, चाल की.”

“दोन फेऱ्या झाल्या माझ्या,” ती वरून म्हणाली.

मान वर करून ज्योतीराम तसाच उभा राहिला, आणि इंदुताई वर तिसरी फेरी घालू लागली.