गॅरेजातली सवत

"माझी सवत गॅरेजमध्ये राहते," हे वाक्य सुलभा आठल्येने न्यूझीलंडातल्या माउंट रॉस्किलमधल्या समस्त मराठी घरांत इतक्या वेळा ऐकवलं होतं, की लोक भेटल्यावर आधी सवतीची खुशाली विचारायचे आणि मग तिची. सवत म्हणजे नवऱ्याची रेल्वे. गॅरेजचा अर्धा भाग अडवून, लाकडी फळ्यांवर रूळ, बोगदा, स्टेशन, सिग्नल अशा सगळ्या नखऱ्यांसकट ती मांडलेली होती. खरी गाडी बिचारी बाहेर पावसात भिजायची आणि रमणरावांचं हातभर लांबीचं इंजिन आत कोरडं ठणठणीत राहायचं.

दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सुलभा हे सगळं तिखटमीठ लावून सांगायची. लग्नाच्या वाढदिवशी हा माणूस झाडं चिकटवत कसा बसला होता, याची तर नक्कलच करून दाखवायची. लोक हसायचे, रमणरावही हसायचे. नवऱ्याला छंद असला की बायकोने कुरकुर करायची असते, ती काही कोणी मनावर घेत नाही, असा तिचा समज होता.

खरी गोष्ट वेगळीच होती. सुलभाला ती रेल्वे मनापासून आवडत होती, आणि हे तिने जिवंत माणसाला कळू दिलं नव्हतं.

सुरुवात तांदळापासून झाली. तांदळाचं मोठं पोतं रेल्वेच्या फळीखाली असायचं. सुलभा हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला होती, आणि त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. तांदूळ काढायला ती वाकली, उठताना फळी डोक्याला लागली आणि वर उभं असलेलं इंजिन रुळावरून उतरलं. नवरा ऑफिसात. मोडलं तर उगाच रामायण, म्हणून तिने ते खटपट करून रुळावर बसवलं आणि चालतंय का बघायला नॉब फिरवला. गाडीने एक फेरी मारली. मग दुसरी मारली. त्या दिवशी भात झालाच नाही.

तेव्हापासून दुपारची पाळी असली, की रमणरावांची गाडी कोपऱ्यावरून वळायचा अवकाश, बाईसाहेब चहाचा कप घेऊन गॅरेजात हजर. गाडी पळवण्यात तिला गोडी नव्हती. तिला आवडायचं ते गाडी थांबवणं. नॉब केसभर फिरवत, वेग उतरवत उतरवत शेवटचा डबा अगदी फलाटाच्या टोकाला आणायचा, आणि डब्याला डबा आपटल्याचा आवाजसुद्धा होऊ द्यायचा नाही. रमणरावांची गाडी थांबायची ती समोर मांजर आडवं गेल्यासारखी. फार्मसीत फोन, डॉक्टर, खिडकीपुढचे पेशंट, सगळ्यांना सगळं आत्ताच्या आत्ता हवं असायचं. इथे मात्र एक गोष्ट ती म्हणेल तिथे थांबायची आणि थांबलेली राहायची. इतकं शांत तिला देवळातल्या भजनातही वाटत नसे.

मग अडीच-तीन तासांवरच्या टौरंगाच्या हॉस्पिटलात तिला वरची जागा मिळाली. रमणराव पाण्याच्या पाइपलाइनींचे इंजिनियर. पाणी काय, तिकडेही वाहतंच, म्हणून त्यांनी आनंदाने बदली मागून घेतली. टौरंगाचं नवं घर छान होतं, पण लहान. गॅरेज एका गाडीपुरतं आणि जादाची खोली एकच.

एके दिवशी जेवताना रमणरावांनी आमटीची वाटी बाजूला ठेवली आणि घसा साफ केला. "मी ठरवलंय. रेल्वे देऊन टाकायची. न्यू लिनच्या आमच्या रेल्वे-क्लबातला ग्रॅहम शनिवारी ट्रेलर घेऊन येतोय. तिकडची ती खोली तुझी. टेबल टाक, पुस्तकं लाव, दार लावून निवांत बस. इतकी वर्षं तू ऐकवतेयस, आता एकदा तरी तुझ्या मनासारखं होऊ दे."

सुलभाने हातातला घास पानात परत ठेवला. आपल्यासाठी माणूस जिवाभावाची वस्तू सोडतोय, वर त्या त्यागाने त्याचा चेहरा असा उजळलाय, त्याला काय सांगायचं? की मी आजवर सगळ्यांसमोर खोटं बोलत आले? पेरलं ते उगवलं होतं. "बघा बाई, तुमची मर्जी," एवढंच ती म्हणाली, आणि पानातला भात चिवडत बसली. शनिवारपर्यंत तिने बोलायचा कितीदा तरी धीर केला, आणि प्रत्येक वेळी रमणराव इतक्या प्रेमाने हसले की तो मावळला.

शनिवारी सकाळी दोघं गॅरेजात उतरली. आधी झाडं निघाली, मग देऊळ, मग मेंढ्या. स्टेशनाचं नाव होतं वाठार, कारण रमणरावांच्या लहानपणच्या सुट्ट्या त्या बाजूला गेल्या होत्या. पण सेकंडहँड घेतलेल्या खोक्यात गुबगुबीत मेंढ्या आल्या, त्या टाकवल्या नाहीत, म्हणून वाठारच्या उजाड माळावर न्यूझीलंडचा कळप चरत होता. बोगद्याचा डोंगर दोघांनी मिळून उचलून बाजूला ठेवला. मग रमणराव वायरी सोडवायला फळीखाली शिरले आणि तिथेच अडकले. स्वस्त पडलं म्हणून त्यांनी एकाच लाल वायरीचं भलंमोठं भेंडोळं आणलं होतं, आणि आता खाली सगळा लाल गुंता होता.

"स्टेशनची कुठली यातली?" ते खालून पुटपुटले.

"डावीकडची दुसरी," सुलभा वरून म्हणून गेली आणि तिने जीभ चावली. रमणरावांनी डावीकडची दुसरी सोडवली. हिला कसं माहीत, हा प्रश्न त्यांना पडला नाही. इंजिनियर माणूस, उत्तर बरोबर आलं की पुढे सरकतो.

मग ते बोगद्याच्या वळणापाशी आले. हे वळण क्लबात प्रसिद्ध होतं. पूर्वी तिथे गाडी हमखास घसरायची, आणि मग एका उन्हाळ्यापासून घसरेनाशी झाली. "लाकूड मुरलं," असा रमणरावांचा सिद्धांत होता आणि तो ते पाहुण्यांना सविस्तर समजावत. सुलभाही चेहरा सरळ ठेवून ऐकत असे. आता त्यांनी स्क्रू काढले, रूळ उचलला आणि ते बघतच राहिले. रुळाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातलेल्या पट्ट्या होत्या, वरून जखमेला लावायच्या पांढऱ्या पट्टीने नीट बसवलेल्या.

"सुलभा, हे काय आहे?"

"पॅरासिटामॉलचं खोकं."

"ते वाचलं मी. इथे कसं आलं?"

उंदरांवर ढकलता आलं असतं, पण उंदीर पट्टी इतकी सरळ कापत नाहीत. "मी घातलं," सुलभा म्हणाली. "त्या बाजूला रूळ खचला होता. गाडी उतरायची."

"पण ती उतरते हे तुला..."

"मी चालवते, अहो."

"कधीपासून?"

"श्रिया शिकायला वेलिंग्टनला गेली ना, त्या वर्षापासून."

मुलीचं नाव ऐकून रमणराव हळूच तांदळाच्या पोत्यावर बसले. हातात पुठ्ठा तसाच होता. "अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला लागला असतात."

हे खरंच होतं. या देशात आल्यावर त्यांनी तिला गाडी शिकवायला घेतली होती, तेव्हा ती दोनदा भररस्त्यात उतरून पायी घरी आली होती. पोहण्याचं तर पहिल्याच दिवशी फिस्कटलं. दोन्ही गोष्टी ती शेवटी परक्यांकडून शिकली.

आता तोंड फुटलंच होतं, तर सुलभा थांबली नाही. "मला ती द्यायची नाहीये. मला आवडते ती. सवत-बिवत मी लोकांना हसवायला म्हणायचे." तिचे डोळे भरून आले.

"पण ती खोली मी तुझ्यासाठी..."

"माझीच ना खोली? मग तिच्यात काय ठेवायचं ते मी ठरवीन."

"आणि ग्रॅहम? मी शब्द दिलाय त्याला." तेवढ्यात बाहेर ट्रेलर खडखडला. रमणरावांना जन्मात कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं, त्यांचा चेहरा पडला. सुलभाने पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि ती बाहेर गेली.

भर थंडीत शॉर्ट्स आणि जॅंडल्स, म्हणजे रबरी सपाता, घातलेला म्हातारा ग्रॅहम गाडीतून उतरत होता. "किया ओरा, सुलभा," त्याने इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला.

"किया ओरा. ग्रॅहम, आय ॲम सो सॉरी. वी आर कीपिंग इट," ती म्हणाली. मग तेवढ्याने भागेना म्हणून पुढे म्हणाली, "इट्स माइन."

ग्रॅहमने तिच्याकडे पाहिलं, दारात पुठ्ठा धरून उभ्या रमणरावांकडे पाहिलं. "स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, असं तो म्हणाला, आणि मग टौरंगापर्यंत ती नेणार कशी, असं विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ग्रॅहमने ट्रेलर तिथेच सोडला, चहा घेतला, बशीभर शंकरपाळे संपवले आणि रिकाम्या गाडीने परत गेला.

सुलभा कपबशा विसळून गॅरेजात आली, तर रमणराव वळणावर वाकलेले. त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या तशा खाली बसवल्या होत्या आणि वरून रूळ घट्ट केला होता. डावीकडची दुसरी वायरही परत जोडलेली होती.

"एकदा दाखव चालवून," ते म्हणाले. "मग उद्या काढू सगळं."

सुलभा नॉबपाशी उभी राहिली. नवऱ्यासमोर तिने कधी चालवली नव्हती. गाडी निघाली. डोंगर काढलेला असल्यामुळे आज ती कुठेच लपत नव्हती. वळण तिने सुखरूप घेतलं. स्टेशन अजून बरंच लांब असताना सुलभाने वेग उतरवायला सुरुवात केली. रमणरावांच्या मते हे फारच लवकर होतं. त्यांचा हात पुढे आला, तोंड उघडलं. मग त्यांनी हात खिशात घातला आणि तोंड मिटलं. लग्नानंतर असं प्रथमच घडत होतं.

गाडी मंद होत, आणखी मंद होत फलाटात शिरली आणि शेवटचा डबा टोकाला लागताच थांबली. जराही आवाज झाला नाही.

रमणरावांनी वाकून फलाटाचं टोक पाहिलं. "मला हे कधीच जमलं नाही," ते म्हणाले. "शिकवशील?"

सुलभा बाजूला सरकली. "या, इथे उभे राहा," ती म्हणाली, "आणि आधी तो हात ढिला सोडा."